ताश्तानची बॅग

“ती बॅग नको,” ऊलकान म्हणाली. “वाटेल ते न्या, पण ती नको.”

खुंटीवरची बॅग काढायला गेलेला ताश्तानचा हात तिथंच थांबला. काळ्या रेक्झिनची, दोन बंदांची, कोपऱ्यांवर सोललेली, मांडीवर मावेल एवढी बॅग. तिकीट स्वस्तातलं होतं. विमानात आपल्याजवळ ठेवता येईल एवढी एकच बॅग न्यायची, बाकी सामान चालणार नाही, असं त्यावर स्पष्ट लिहिलं होतं. आणि गुल्चोतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात त्या मापाची दुसरी बॅग नव्हती.

“दोन रात्रींचा तर प्रश्न,” तो म्हणाला. “एक सदरा, मोज्यांचे दोन जोड, दाढीचं सामान. बिश्केकला मी काय संसार मांडायला चाललोय?”

“आणि जिपारा दार उघडेल तेव्हा? बाप दारात आणि हातात ही बॅग! पोरगी उंबऱ्यातच बसेल. तुम्ही तोंड उघडायच्या आत मला मारून मोकळी होईल ती.”

ऊलकान हे तणतणत बोलली खरी, पण शेवटी तिचा आवाज फाटला. मरणार होतं ते माणूस ती नव्हती, आणि हे त्या खोलीतल्या दोघांनाही ठाऊक होतं. तिने पाठ फिरवली आणि शेगडीतले चांगले पेटलेले कोळसे उगाच टोचले.

त्या बॅगेला गुल्चोत आणि वरच्या अख्ख्या अलाय खोऱ्यात लोक भीत. आमच्याकडे कुणी वारलं, तर लांबच्या आप्ताला ते फोनवर कळवत नाहीत. सांगायला माणूस जातो. समोर बसतो, इकडचं तिकडचं बोलतो, आणि मग चिकटलेली पट्टी ओली करून सोडवावी तसं हळूहळू सांगतो. ताश्तान पेशाने पंपवाला. चौतीस वर्षं गावाच्या पाण्याचे पंप त्याने सांभाळले. हे दुसरं काम त्याने मागितलं नव्हतं, ते त्याच्या गळ्यात पडलं.

एकवीस वर्षांपूर्वी वरच्या खिंडीत बर्फाचा कडा कोसळला आणि तीन मेंढपाळ गाडले गेले. बातमी द्यायला निघालेल्या म्हाताऱ्यांना वाहन हवं होतं, आणि पाणीखात्याची जीप ताश्तानकडे होती. मागच्या सीटवर दहा वर्षांची जिपारा होती. शाळेतून आणलेली पोर घरी सोडायला वेळच मिळाला नव्हता. त्यांतल्या एकाच्या घरी, सादात नावाच्या बाईच्या अंगणात गाडी थांबली, सगळ्यात थोरला म्हातारा खाली उतरला आणि चार पावलांवर स्वतःच हुंदके देऊ लागला. मग ताश्तानला पुढे व्हावं लागलं. हातात ही बॅग होती, तेव्हा तीत पाने आणि स्क्रू असायचे. सादात गाईखाली बसली होती. तिने आलेल्या पुरुषांकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं आणि म्हणाली, “थांब. गाय अर्धी सोडता येत नाही.” बादली भरेपर्यंत ती धारा काढत राहिली आणि पुरुष बर्फात उभे राहिले. मग तिने बादली झाकली, हात पुसले, ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, “बोल.”

त्या दिवसापासून हे काम त्याच्याकडे आलं ते आलंच. हळूहळू त्याचे काही नेम ठरले. दिवसाउजेडी जायचं. त्या माणसाच्या हातात सुरी, कात्री, गरम किटली असेल तर आधी ती काढून घ्यायची. पोरांना शेजारी पाठवायचं. उभ्या माणसाला सांगायचं नाही. मन ताळ्यावर आणणाऱ्या थेंबांची एक छोटी बाटली बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवायची. खोटी आशा कधी द्यायची नाही, अगदी घटकाभराचीसुद्धा नाही. आणि सांगून झालं की पळ काढायचा नाही, त्या घरात पहिला चहा आपण उकळायचा.

याचं फळ काय, तर लग्नाचं आमंत्रण देणारे दारातून निघताना हळूच म्हणायचे, “आके, दादा, तेवढी बॅग घरी ठेवून या हं.” एकदा त्याने बाजारातून त्या बॅगेत बटाटे आणले, तर गल्लीतली तीन दारं धडाधड लागली आणि एका म्हातारीला चक्कर आली. तिला पाणी मारून उठवलं, बटाटे दाखवले, तेव्हा कुठे ती सावरली. त्यानंतर बटाट्यांसाठी जाळीची पिशवी आली.

आणि आता ताश्तानला स्वतःचीच बातमी पोचवायची होती.

डिसेंबरात ओशच्या एका डॉक्टरने त्याला सांगितलं होतं. फुप्फुसांतली गाठ दोन्हीकडे पसरली होती, कापण्यासारखं काही उरलं नव्हतं. “जर्दाळू फुलतील तोवर, फार तर,” डॉक्टर म्हणाला. तरुण पोरगा होता तो. हे त्याने दाराच्या मुठीवर हात ठेवून, उभ्याउभ्या, एक डोळा फोनवर ठेवून सांगितलं. ताश्तानला मरणाच्या आधी त्या सांगण्याचाच राग आला. “बाळा, हे बसून सांगायचं असतं,” तो म्हणाला. डॉक्टर गोंधळून खुर्चीत बसला, पण त्याला पुढे काही बोलायचंच नव्हतं.

घाटातून घरी येईपर्यंत ताश्तानच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. आपल्यामागे जिपाराला सांगायला जाणार कोण? खोऱ्यात हे काम करणारं दुसरं कुणी नव्हतं. कुणीतरी पुतण्या फोनवर दोन ओळी पाठवील आणि खाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकील. पोरगी शिलाईच्या कारखान्यात चाळीस बायकांत मशीनवर बसलेली असेल, नवरा तिकडे रशियात ट्रकवर, आणि फोन गुरगुरेल. नाही. दोनशे घरांना ज्याने जवळ बसून सांगितलं, त्याच्या लेकीला फोनवर कळणार? आधी कळवून जायचीही सोय नव्हती. येतोय म्हटलं की ती दहा प्रश्न विचारणार, आणि फोनवर खोटं बोलताना त्याचा आवाज सरळ राहत नसे.

ऊलकानने शेवटी शेजारच्या बुरुलकडून लाल रंगाची, चाकांची बॅग मागून आणली. बुरुलची सून ती तुर्कस्तानातून घेऊन आली होती आणि तिच्यावर फुलपाखराचं चित्र होतं.

“फुलपाखरू!” ताश्तान म्हणाला.

“असू दे. फुलपाखरू बघून कुणाच्या पोटात गोळा येत नाही.”

मग ती भरायला बसली. वाळवलेलं मांस, मेंढीच्या पोटाच्या पिशवीत भरलेलं लोणी, कुरुताचे खारट पांढरे गोळे, सुके जर्दाळू, नातीसाठी लोकरीचे मोजे. त्याच्या सदऱ्याला कोपऱ्यात कशीबशी जागा मिळाली.

“एवढं कशाला? मी काय तिथं—”

“गप्प बसा. हिवाळ्यात लेकीच्या घरी बिनमांसाचा कोण जातो? जो बातमी घेऊन जातो तो. मांस दिसलं की तिला वाटेल, बाबा सहज आले. दोन घास पोटात जातील तिच्या. मग सांगा काय सांगायचं ते.” ऊलकान चेन ओढता ओढता थांबली. “पण सांगा. सांगितल्याशिवाय परत आलात, तर घरात घेणार नाही.”

एकवीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाला बायकोकडून नेम शिकावे लागत होते. पण ती म्हणत होती त्यात काही चूक नव्हतं. ती नान आणायला गेली तेवढ्यात त्याने काळी बॅग घडी करून लाल बॅगेच्या तळाशी सरकवली. तिच्याशिवाय तो कधी खोऱ्याबाहेर पडला नव्हता. शिवाय आतल्या कप्प्यात थेंबांची बाटली होती, कालच दुकानातून आणलेली.

ऊलकानने नान पुढे केला. निघणाऱ्याने त्याचा एक घास दातांनी तोडायचा आणि उरलेला नान तो परत येईपर्यंत भिंतीवर टांगून ठेवायचा. ताश्तानने निःशंक चावा घेतला, कारण शनिवारी तो परत येणारच होता. तिने नान फडक्यात बांधून खिळ्याला अडकवला आणि नेहमीसारखं, तो गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत, केरसुणीला हात लावला नाही.

ओशच्या विमानतळावर घोडं अडलं. तिथे एक लोखंडी चौकट ठेवली होती, तीत बसेल तीच बॅग आत जाणार. ताश्तानने लाल बॅग चौकटीत घातली. पोट आत गेलं, चाकं बाहेर राहिली.

“नाही बसत, आके,” गणवेशातली मुलगी म्हणाली.

“जरासं तर आहे.”

“जरासंच आहे, पण बाहेर आहे.”

त्याने बॅग आडवी घातली, उलटी घातली, गुडघ्याने रेटली. फुलपाखराला एक सुरकुती पडली. पाठीमागच्या रांगेतल्या माणसाने सल्ला दिला, “चाकं काढून टाका ना.” ताश्तान जन्मभर नटबोल्ट उघडत आलेला माणूस, त्याने खरंच वाकून पाहिलं. पण चाकं रिबिटांनी ठोकलेली होती. बॅग विमानाच्या पोटात टाकायची तर जवळजवळ तिकिटाइतकेच पैसे पडणार होते. खिशात होतं ते बिश्केकच्या बसपुरतं आणि नातीच्या खाऊपुरतं.

गुल्चोहून त्याला घेऊन आलेला कोचकोन अजून बाहेर गाडीत सिगारेट ओढत होता. ताश्तान परत बाहेर गेला, गाडीच्या बॉनेटवर लाल बॅग उघडली आणि तळातून काळी बॅग काढली. कोचकोनच्या तोंडातली सिगारेट खाली आली.

“आके! कोण गेलं?”

“कुणी नाही. मापात बसते म्हणून घेतोय.”

“मग हे मांस?”

“मावत नाही. घरी दे.”

“मी देऊ? काकू मला सोलून वाळत घालतील!”

काळ्या बॅगेत सदरा गेला, दाढीचं सामान गेलं, नातीचे मोजे गेले. लोणी हवाईवाले नेऊ देणार नाहीत असं कोचकोन छातीठोकपणे म्हणाला. मांसाचा एक तुकडा कोंबून पाहिला तर चेन लागेना, तेव्हा तोही परत निघाला. कुरुताचे गोळे ताश्तानने कोटाच्या दोन्ही खिशांत भरले. चौकटीत काळी बॅग अलगद बसली, चारी बाजूंनी बोटभर जागा ठेवून. मुलगी म्हणाली, “हे बघा, आधीच ही आणायची.”

चाळीस मिनिटांचं उड्डाण. खाली डोंगर पांढरे पडले होते आणि ताश्तान मांडीवर बॅग घेऊन वाक्यं जुळवत होता. दुसऱ्यांसाठी ती आपोआप यायची. ‘तुझ्या भावाला गेले काही दिवस बरं नव्हतं.’ ‘तुझ्या वडिलांनी आयुष्य समाधानाने काढलं.’ स्वतःसाठी त्यातलं एकही चालेना. ‘तुझ्या बापाला बरं नाही’ असं तिच्या बापानेच म्हणायचं, म्हणजे हसूच आलं असतं. खोकला आला, त्याने तोंडावर रुमाल धरला आणि रुमाल न बघताच खिशात टाकला.

बिश्केकवर कोळशाच्या धुराचं झाकण बसलं होतं. शहराच्या कडेच्या वस्तीत, बर्फ आणि राख तुडवलेल्या गल्लीत, निळ्या फाटकाच्या घरात जिपाराने एक खोली भाड्याने घेतली होती. कारखान्यात काम कमी म्हणून त्या आठवड्यात तिला अर्धाच दिवस होता. ताश्तान दारात पोचला तेव्हा आत शिलाई मशीन चालू होतं. ती कारखान्यातून आल्यावर घरीही बाहेरची कामं करायची. त्याने टकटक केलं आणि बॅग पाठीमागे लपवली. पण साठी उलटलेला, अंगावर दोन कोट चढवलेला माणूस पाठीमागे काही लपवतो, तेव्हा ते सगळ्यांत आधी दिसतं.

जिपाराने दार उघडलं. आधी तिचा चेहरा फुलला. मग तिची नजर खाली गेली, त्याच्या पाठीआडून डोकावणाऱ्या काळ्या बंदावर गेली, दुसऱ्या रिकाम्या हाताकडे गेली.

“आई,” ती म्हणाली. तिने विचारलंच नाही, सरळ म्हणाली.

“नाही! नाही गं! आई ठणठणीत आहे! सकाळीच मला शिव्या देत होती!”

“खोटं! खोटं बोलताय! मांस कुठंय? आईनं मांस दिलं नसतं होय?” तिने बॅगेचा बंद धरून असा हिसका दिला की तो शिवणीपासून निखळला. “ही बॅग घेऊन आलात माझ्या दारात! माझ्या!”

ताश्तानने खिशातून फोन काढला, लावला आणि तिच्या कानाला धरला. तिकडून ऊलकानचा आवाज इतका मोठा आला की त्यालाही ऐकू गेला. कोचकोन मांस घेऊन परत आला होता आणि तिने त्याला अजून सोडलं नव्हतं. तो आवाज ऐकून जिपारा उंबऱ्यात बसून रडली, मग रडतारडता हसली, मग उठून बापाच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारू लागली. “परत ही बॅग आणलीत ना, तर पेटवून देईन! माझं काळीज थांबलं होतं, कळतंय?” ताश्तानला त्या मुठी छातीत फार आत लागल्या. पण तो नुसता म्हणाला, “मापात बसते गं. चौकट होती तिथं.” आणि चौकटीची, चाकांची, फुलपाखराची सगळी कथा त्याने सांगितली. चार वर्षांची सेझिम आजोबांच्या खिशातून कुरुत काढून चोखू लागली. जिपारा पोट धरून हसत होती.

आत्ताच मरणाच्या दारातून परत आलेल्या पोरीला पुन्हा तिथं कसं ढकलायचं? उद्या सांगू, तो मनाशी म्हणाला. दोनशे घरांत त्याने ‘उद्या’ हा शब्द कधी वापरला नव्हता.

शुक्रवार असाच गेला. जिपाराने सुटी टाकली, शेवया आणि बटाट्यांचं कालवण केलं, बापाला नव्या बाजारात नेऊन कानटोपी घेऊन दिली. त्याला खोकल्याची उबळ आली की ती म्हणायची, “धूर बाधतोय तुम्हाला. वसंतात या, धूर नसतो तेव्हा. आईला घेऊन या. महिनाभर राहा. सेझिमला तोवर मी दोनचाकी सायकल घेते, तुम्ही तिला शिकवा. मला कशी शिकवलीत, तशी. मागून धरायची आणि न सांगता सोडून द्यायची.” ती हसली. “केवढी पडले होते मी!”

“न सांगता सोडायला नको होतं,” ताश्तान म्हणाला.

“नाहीतर शिकले असते होय?”

संध्याकाळी तो अंगणात कोळसा आणायला गेला असताना ऊलकानचा फोन आला.

“सांगितलं?”

“नाही.”

“दोन दिवस काय गोट्या खेळताय?”

“ती हसतीय गं.”

मग ऊलकान हळू आवाजात म्हणाली, “मलाही हसवत ठेवायचं असतं तिला. पण मग मागाहून मला एकटीला सांगावं लागेल, अहो. मला ते जमत नाही. ते तुमचं काम.” तिने फोन ठेवला. ताश्तान कोळशाची बादली हातात घेऊन तसाच उभा राहिला. सेझिम त्याला बोलवायला आली, तेव्हा त्याच्या नव्या टोपीवर राखेचा पातळ थर बसला होता.

शनिवारी सकाळी ऊन निघालं. दुपारचं विमान होतं. चहा झाल्यावर जिपारा म्हणाली, “बॅग आणा इकडं. बंद शिवून देते. तुटक्या बंदाची बॅग घेऊन गेलात तर आई म्हणेल, पोरीच्या घरी सुईदोरा नाही.”

तिने बॅग मशीनपाशी नेली आणि शिवताना मध्ये येऊ नये म्हणून आतलं सगळं बाहेर काढलं. कप्प्यात हात घातला, तर छोटी बाटली हाताला लागली.

“हे अजून बाळगता? लहानपणी मला वाटायचं यात विष असतं.” तिने बाटली उजेडात धरली. “आणि ही तर कोरी करकरीत. झाकणाचं सीलपण तोडलेलं नाही. कोणासाठी आणली नवी?”

“जुनी संपली,” ताश्तान म्हणाला. ते खरंच होतं.

तिने बाटली खिडकीत ठेवली, मशीनच्या सुईत जाड काळा दोरा ओवला आणि बंद जागेवर लावून शिवायला घेतला. शिवता शिवताच तिने हाक मारली, “सेझिम! आजोबांना नान आण बरं.”

सेझिमने दोन्ही हातांत धरून अख्खा नान आणला. मध्यभागी नक्षी टोचलेला, काठाला फुगलेला.

“घ्या, चावा,” जिपारा म्हणाली. “बाकीचा मी टांगून ठेवते. बघा, खिळासुद्धा सकाळीच ठोकलाय. वसंतात आलात की आधी हा संपवायचा, मग दुसरं.”

ताश्तानने नान घेतला. खिळा त्याला दिसत होता, दारावर, नवा, थोडासा तिरका. एक घास तोडायचा आणि निघायचं, एवढं सोपं होतं. पोरगी वसंतापर्यंत त्या खिळ्याकडे बघून हसत राहिली असती. तिला ते दोन महिने द्यावेत असं त्याला फार वाटलं, इतकं की नान तोंडापर्यंत गेला. पण पुढे तो नान तिथंच वाळत राहिला असता. एके दिवशी फोन गुरगुरला असता, आणि मग तिने त्या नानाकडे पाहिलं असतं. बापाने परत येईन असं दातांनी सांगितलं आणि ते खोटं होतं, हेही तिला त्याच दिवशी कळलं असतं. त्याने नान कपाळाला लावला आणि होता तसा अख्खा मशीनशेजारच्या फडक्यावर ठेवला.

“काय झालं? कडक आहे?” जिपारा शिवणीवरची नजर न काढता म्हणाली. “तव्यावर गरम करून देऊ? दात आहेत ना अजून, का तेही चौकटीत राहिले?”

ताश्तान सेझिमकडे वळला. “बाळा, शेजारच्या आजीकडे जा. म्हणावं, आमच्या आजोबांनी सलाम सांगितलाय. आणि तिथंच थांब हं जरा, तिच्याशी खेळत.” सेझिमने नवे मोजे तसेच पायात ठेवून बूट चढवले आणि ती पळाली. दार लागलं. ताश्तानने शेगडीवरची उकळती किटली उचलून लांब खिडकीकडे ठेवली. परत आला, वाकला, आणि जिपाराच्या उजव्या हाताजवळची कात्री हळूच उचलून कपाटावर ठेवली.

मशीन थांबलं.

जिपाराने कपाटावरच्या कात्रीकडे पाहिलं. मग खिडकीतल्या बाटलीकडे. मग त्या अख्ख्या नानाकडे, आणि शेवटी बापाकडे.

“आई बरी आहे म्हणालात,” ती म्हणाली.

“बरी आहे.”

“आणि सेझिमचे बाबा? काल रात्रीच बोलले मी त्यांच्याशी.”

“तेही बरे आहेत.”

विचारण्यासारखं माणूस एकच उरलं होतं.

“जिपारा,” ताश्तान म्हणाला. सगळ्यांशी बोलायचा त्याच आवाजात त्याला बोलायचं होतं, पण तो आवाज आज कुठे सापडेना. “बाळा, जरा इकडं येऊन बस माझ्यापाशी.”

“थांबा,” ती म्हणाली. “शिवण अर्धी सोडता येत नाही.”

तिने पायाने मशीन चालू केलं. ताश्तान गादीच्या कडेवर बसला, हात गुडघ्यांवर ठेवून, आणि वाट बघत राहिला. अंगणात शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकून गप्प झाला. तिने बंद एकदा सरळ शिवला, मग चौकोन घातला, मग चौकोनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन तिरक्या शिवणी, भारी सामानाच्या बॅगेला घालतात तशा. घाई केली नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिने पुसलं नाही, पण शिवण कुठे वाकडी जाऊ दिली नाही. मग तिने कात्रीसाठी हात पुढे केला. कात्री तिथं नव्हती. ती वाकली आणि तिने दोरा दातांनी तोडला. बंद दोन्ही हातांनी ओढून पाहिला, बॅग भिंतीला टेकवून सरळ उभी केली, मांडीवरचे दोऱ्याचे तुकडे झटकले आणि बापासमोर येऊन बसली.

“बोला,” ती म्हणाली.